उंची मोजायची तर आधी शेंडा सापडायला हवा

झाडाचा घेर मोजायला शिंप्याची टेपसुद्धा चालते. उंचीचं तसं नाही. तिच्यासाठी झाडापासून लांब जावं लागतं, आणि आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानात लांब गेलं की मधे दुसरी झाडं येतात आणि आपलं झाड हरवतं. आमचा सगळा खटाटोप या एका अडचणीभोवती फिरत राहिला. कुठलं यंत्र घ्यावं, पिशवीत काय न्यावं, काय घरी ठेवावं, हे सगळं तिथूनच ठरत गेलं.

निमित्त झालं गावच्या नोंदवहीचं. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे पंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आल्या आणि त्यांच्याकडे लोक जैवविविधता नोंदवहीचं काम आलं. आमच्या समितीने त्यासोबत गावातल्या मोठ्या झाडांची वेगळी यादी करायचं ठरवलं: नाव, ठिकाण, घेर, उंची. मी उच्च माध्यमिकला भूगोल शिकवते. मोजणीचा विषय निघाल्यावर ‘ते बाई बघतील’ असं ठरायला वेळ लागला नाही.

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आम्ही इंडियन क्लायनोमीटर, म्हणजे चढ-उताराचा कोन मोजायचं यंत्र, वापरत असू. प्लेन टेबलवर ठेवायचं, पाणसळीने सपाट करायचं आणि कोनाचं टॅन मूल्य थेट पट्टीवर वाचायचं. मोकळ्या मैदानात त्याला तोड नाही. पण तिपाई आणि फळी घेऊन ओहोळ ओलांडायचा, दरडीवर ती सपाट करायची, तोवर ढग येऊन शेंडा झाकोळणार. ते कपाटातच राहिलं.

फुकटातली रीत काठीची. हात सरळ लांब करायचा, डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर तेवढीच काठी मुठीच्या वर उभी धरायची आणि मागे मागे सरकायचं. मुठीशी झाडाचं बूड आणि काठीच्या टोकाशी शेंडा जुळला की थांबायचं. आपण उभे आहोत तिथून बुडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. मुलांना ही फार आवडते, कारण हिच्यात गणित दिसत नाही. शेताच्या बांधावरच्या माडाला ती ठीक चालते, मीटर-दोन मीटर इकडेतिकडे. डोंगर उतरणीला मात्र काठी उभी धरायची म्हणजे नेमकी कशी, यावरच वाद होतात.

भाच्याचा आग्रह मोबाइलचा. फोनमधला सेन्सर कोन बरा दाखवतो. अडचण नेम धरण्याची आहे. फोनच्या कडेवरून शेंडा बघायचा तर पडदा दिसत नाही, कॅमेऱ्यातून बघायचा तर मार्चच्या उन्हात पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो. त्यात घामाच्या बोटांनी आकडा गोठवायचं बटण दाबलं जात नाही. अडीअडचणीला फोन आहेच, कारण तो तसाही खिशात असतो. पण मुख्य यंत्र म्हणून मला तो पटला नाही, भाच्याला अजून पटतो.

मग घेतला हातात धरायचा क्लायनोमीटर, सुंटोचा पीएम-५. फिनलंडची कंपनी, ॲल्युमिनियमची डबी, आत द्रवात तरंगणारी चकती, वजन जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम, बॅटरी नाही. वनखात्यातले लोक वर्षानुवर्षं हाच गळ्यात घालून फिरतात. विकत घेताना एकच काळजी घ्यावी लागते: यात पट्ट्यांचे प्रकार आहेत. एका प्रकारात झाडापासून नेमकं १५ किंवा २० मीटरवर उभं राहिलं की उंची थेट वाचता येते. ऐकायला सोपं, पण आमच्याकडे नेमक्या २० मीटरवर कारवीची जाळी असते. आम्ही अंश आणि टक्के असलेला घेतला. टक्क्यांची पट्टी म्हणजे टॅनच, शंभराने गुणलेलं. समजा ३० मीटरवरून शेंडा ७८ टक्के वर दिसला आणि बूड ७ टक्के खाली, तर बेरीज ८५. ३० चे ८५ टक्के म्हणजे साडेपंचवीस मीटर. कॅल्क्युलेटर नको, तक्ते नकोत. बूडही डोळ्याच्या पातळीच्या वर असेल, म्हणजे आपण उतारावर खाली उभे असू, तर बेरजेऐवजी वजाबाकी, एवढंच.

नव्या माणसाला त्यातून बघणं आधी विचित्र वाटतं. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. एक डोळा डबीत पट्टी बघतो, दुसरा बाहेर झाड, आणि आडवी रेघ झाडावर टेकल्यासारखी भासते. काहींचे दोन डोळे किंचित वेगळ्या पातळीला बघतात, त्यांना यात चुकीचा आकडा येतो. म्हणून प्रत्येकाला एकदा एका डोळ्याने आणि एकदा दोन डोळ्यांनी बघायला लावायचं. आकडे जुळले तर बरं, नाही तर त्या माणसाने टेप धरायची. यंत्र स्वतः खरं बोलतं का, हे तपासायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. अंगणातल्या दोन पोफळींवर नळीने एकाच पातळीच्या खुणा केल्या, एका खुणेशी डोळा लावून दुसरीकडे पाहिलं, मग उलट बाजूने. दोन्हीकडून शून्य आलं की विषय संपला.

उभं कुठे राहायचं, याचंही एक गणित आहे आणि ते रानात फार उपयोगी पडतं. अंतर आणि टॅन या रीतीत कोनातल्या चुकीचा फटका ४५ अंशांच्या आसपास सगळ्यांत कमी बसतो. ३० मीटर उंचीला तिथे एक अंश चुकला तर साधारण एक मीटर फरक पडतो. झाडाच्या जवळ जाऊन ७० अंशांत मान वर करून बघितलं तर तोच अंश दीड मीटरच्या वर जातो. म्हणजे जेवढी उंची वाटते तेवढं मागे जावं. मागे जायला वाट असली पाहिजे, आणि तिथून शेंडा दिसला पाहिजे, हा पुन्हा मूळ मुद्दा.

क्लायनोमीटरची खरी परीक्षा आमच्या पाडेलीने, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याने, घेतली. मी डबी डोळ्याला लावून कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, कडेला उभी होते, तर तो म्हणाला, “कितें गो बाय, माडाचो फोटो काडटा?” उंची मोजतेय म्हटल्यावर त्याने विचारलं, वर चढून दोरी सोडली तर नाही का कळणार? कळणार की. जगातल्या सगळ्यांत उंच झाडांची खात्री अजून तशीच करतात. कॅलिफोर्नियातल्या हायपेरियन नावाच्या रेडवूडची ११५.५५ मीटर ही उंची २००६ साली शेंड्यापर्यंत चढून, टेप खाली सोडून पक्की केली होती. मलेशियातल्या सबाहमधलं १०० मीटरच्या पुढचं झाड आधी लेझरने सापडलं, पण २०१९ साली शेवटचा शब्द झाडावर चढलेल्या माणसाच्या टेपचाच ठरला. आमच्याकडे पाडेली होता आणि ओळंबा होता.

त्याने माड निवडला तो नेमका वाकडा. (माडाला झाड म्हणायचं की नाही, यावर २०१६ साली गोव्यात भलताच गदारोळ झाला होता, १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याच्या व्याख्येतून तो वगळला होता, नंतर परत घेतला. आमच्या यादीत तो पहिल्यापासून झाडच.) झावळ्यांच्या बुडाशी बसून त्याने ओळंबा सोडला. खाली तो माडाच्या बुडापासून बराच लांब टेकला. हिशेब कळावा म्हणून आकडे गोल करून सांगते: दोरीची उंची साडेएकवीस मीटर, ओळंबा बुडापासून ४ मीटर बाहेर.

आता मी चारी बाजूंनी, बुडापासून २५ मीटरवर उभं राहून क्लायनोमीटरने मोजलं तर काय येतं? माड माझ्याकडे झुकलेला असेल तर उंची येते २५.३ मीटर. माझ्यापासून पलीकडे झुकलेला असेल तर १८.७. बाजूने, म्हणजे झुकाव डावी-उजवीकडे दिसेल असं उभं राहिलं तर २१.२. यंत्र तेच, माणूस तोच, झाड तेच. टॅनची रीत धरून चालते की शेंडा बुडाच्या बरोबर वर आहे. शेंडा ४ मीटर अलीकडे आला की कोन वाढतो, पण आपण गुणतो मात्र बुडाच्या अंतराने. म्हणून वाकड्या झाडाला नेहमी आडव्या बाजूने मोजायचं. पाडेलीला हे मी जमिनीवर काडीने आकृती काढून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हटलं की वाकडा माड तो नेहमी पाठीवरूनच चढतो, पोटाकडून नाही. आमच्या दोघांच्या धंद्यात झुकाव आधी बघायचा, हे एकूण समान निघालं.

माडाचा झुकाव लगेच दिसतो. जांभूळ, आंबा, वड यांचा घोटाळा लपलेला असतो. झाड सरळ उभं असतं, पण खालून जो शेंडा वाटतो तो खरं म्हणजे आपल्याकडे आलेली एखादी फांदी असते. खरा शेंडा तिच्या मागे, दिसतही नाही. अशा झाडांची पुस्तकात किंवा पाटीवर लिहिलेली जबरदस्त उंची मला आता थोडी संशयास्पदच वाटते.

इथे लेझर कामाला येतं. आम्ही जंगलकामासाठीचं निकॉनचं फॉरेस्ट्री प्रो, लेझरने अंतर मोजणारं यंत्र, वर्गणी काढून जुनं घेतलं. त्याने थेट शेंड्यापर्यंतचं तिरकं अंतर मिळतं, आणि उंची म्हणजे तिरकं अंतर गुणिले साइन. वरच्याच माडाचं बघा: तो माझ्याकडे झुकलेला असताना शेंडा २९ मीटरवर, कोन साडेत्रेचाळीस अंश. गुणाकार २० च्या आसपास, त्यात डोळ्याची दीड मीटर उंची मिळवली की साडेएकवीस. पाडेलीच्या दोरीएवढंच. शेंडा बुडाच्या वर आहे की नाही, याच्याशी या रीतीला देणंघेणं नाही.

एक गोष्ट मात्र यंत्रासोबतचं पत्रक नीट वाचल्यावर लक्षात येते. यात उंचीच्या दोन रीती आहेत. दोन बिंदूंच्या रीतीत बूड आणि शेंडा दोन्हीकडे लेझर मारला जातो. तीन बिंदूंच्या रीतीत अंतर एकदाच खोडाचं घेतलं जातं आणि वरखाली फक्त कोन. दुसरी म्हणजे पुन्हा टॅनच, वाकड्या झाडाची सगळी चूक तिच्यात आली. महाग यंत्र हातात आहे म्हणून आकडा खरा, असं समजू नये.

दाट पालवीत लेझर जवळच्या पानावर आदळून परत येतो. म्हणून आधी ते ‘लांबचं लक्ष्य आधी’ या पर्यायावर ठेवायचं, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा मारून सगळ्यांत मोठं अंतर धरायचं. राईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, जिथे मागे सरकायला जागाच नाही, तिथे आम्ही सरळ झाडाखाली उभं राहून वर मारतो. साइनच्या रीतीत कोन ९० अंशांजवळ गेला की कोनातली चूक जवळजवळ नाहीशी होते, अंतराचीच काय ती राहते. यात मिळणारा आकडा ‘निदान एवढी तरी’ असा असतो, कारण खरा शेंडा चुकून सुटला तर उंची कमीच येईल, जास्त येणार नाही. १० मीटरच्या आतलं हे यंत्र वाचत नाही, पण राईतल्या झाडांना ती अडचण येत नाही.

ध्वनीवर चालणारी यंत्रं, झाडाच्या खोडाला एक गोळा लावून दुरून अंतर घेणारी, मी दुसऱ्याच्या हातात पाहिली आहेत. झुडपांतून अंतर घ्यायला ती लेझरपेक्षा सरस. पण हवेतल्या ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. सकाळी घरात जुळवलेलं यंत्र दुपारी १० अंश जास्त उष्म्यात ३० मीटरला अर्धा मीटर खाऊ शकतं. म्हणून ते जागेवर पुन्हा जुळवावं लागतं. आणि किंमत समितीच्या खिशाला झेपणारी नव्हतीच.

राईत नियम वेगळे. आत जाण्याआधी गावकर काकांनी गाऱ्हाणं घातलं. चपला बाहेर, पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, खिळा किंवा रंग तर दूरच. घेर आम्ही १.३७ मीटर उंचीवर मोजतो, आपल्याकडच्या वनमोजणीत तीच प्रथा आहे. त्या उंचीची खूण खोडावर न करता मोजकाठीवर केली. लेझर बाहेर काढल्यावर काकांनी विचारलं, “देवाचेर लायट पडटली?” ती किरणं डोळ्यांना दिसत नाहीत, कुणाला इजा नाही, असं सांगितलं, तरी आधी यंत्र त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी देवाच्या घुमटीकडे पाठ करून शेंडा बघितला, आकडा मोठ्याने वाचला, आणि मग पुढची सगळी झाडं तेच मोजू लागले. मला वहीच धरावी लागली.

मोजकाठी हे आमचं स्वतःचं हत्यार. वायरिंगची पीव्हीसी नळी, प्रत्येकी पाऊण मीटरहून थोडे कमी असे तीन तुकडे, जोडले की दोन मीटर, दर २० सेंटिमीटरला तांबडा-पांढरा पट्टा. रानात बूड दिसत नाही. नेचे, वेली, आधारमुळं. कुणीतरी काठी बुडाशी उभी धरायची, आपण तिच्या टोकाचा कोन घ्यायचा आणि दोन मीटर मिळवायचे. तीच काठी दलदलीत पाय टाकण्याआधी खोली बघायला, आणि लेझर धरताना हाताला टेकू म्हणून. बांबरच्या निरंकाराच्या राईसारख्या जंगली जायफळाच्या दलदलीत गुडघेमुळं चिखलातून वर आलेली असतात. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणूनही काठी पुढे लागते.

शेंडा शोधायला मात्र यंत्रांपेक्षा माटोळीवाल्यांची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या सजावटीसाठी सामान आणणाऱ्यांची, नजर भारी. चवथीच्या आधी जे रानात कांगणी आणि आंबाडे शोधत फिरतात, त्यांना कुठली वेल कुठल्या झाडावर कुठवर गेली आहे, हे पाठ असतं. आमच्यासोबतच्या एका काकूंनी दुर्बिणीशिवाय सांगितलं की मी जो मत्तीचा शेंडा समजतेय तो मागच्या नाणा नावाच्या झाडाचा आहे. दुर्बिणीतून पाहिलं तर पान वेगळंच. मत्ती हा गोव्याचा राज्यवृक्ष, खाली तिची मगरीच्या पाठीसारखी साल बघून लगेच ओळखता येते. ५० हात वर साल कोण बघणार? तेव्हापासून ८ पटींची दुर्बीण पिशवीत कायमची आली. आधी ती मला चैन वाटत होती.

पिशवी आता अशी असते. क्लायनोमीटर गळ्यात, शर्टाच्या आत, दोरी इतकी आखूड की वाकल्यावर दगडावर आपटू नये. लेझर कमरेच्या पाकिटात, सोबत सिलिका जेलची पुडी, कारण एसी गाडीतून उतरल्या उतरल्या भिंगावर बाष्प धरतं. पंधरा मिनिटं पाकीट उघडं ठेवून थांबावं लागतं. त्याची सीआर-२ बॅटरी गावच्या दुकानात मिळत नाही, जादा ठेवावीच लागते. ३० मीटरची टेप फायबरची. पोलादी टेपला आमच्या दमटपणात गंज चढतो आणि आकडे पुसतात. नोंदी पेन्सिलने, घामाने शाई पसरते. पाणी, मीठ-तंबाखूची पुरचुंडी जळवांसाठी. कोयता भाच्याच्या कमरेला आकडीत, पण राईच्या हद्दीशी तो काढून ठेवायचा. तिपाई नाही, कोन मोजायची नळीवाली ॲबनी लेव्हल नाही. पाठीवर जे जड होतं ते तिसऱ्या झाडानंतर बाहेर निघतच नाही, मग ते कितीही अचूक असो.

वहीत आम्ही नुसती उंची लिहीत नाही. रीत कुठली, कुठल्या दिशेने उभे होतो, पानं होती की झडलेली, शेंडा नक्की दिसला की अंदाजाने धरला, हेही लिहितो. पानगळीची झाडं, मत्ती, सावर, नाणा, फेब्रुवारी-मार्चसाठी राखून ठेवली आहेत. सदाहरित झाडांना तो मोका कधीच नाही, त्यांना खालून वर. जून ते सप्टेंबर कामच बंद: पावसाच्या थेंबांवरूनच लेझर परततो आणि माणसांना शेतं असतात.

ओहोळापलीकडच्या घोटिंग नावाच्या झाडाचा रकाना अजून रिकामा आहे. खालून त्याचा शेंडा दिसत नाही, आणि समोरच्या टेकडीवरून शेंडा दिसतो पण बूड नाही. गावकर काकांचं म्हणणं, त्यांनी बुडाशी उभं राहून मोजकाठी उंच करावी, वर लाल फडका बांधावा, आणि मी टेकडीवरून दोन्हीकडे लेझर मारावा. अंतर दीडशे मीटरच्या पुढे जाईल, यंत्राची तेवढी पोच आहे. फडका झाडीतून दिसेल का, हे मार्चमध्ये पाहू.